दुखवट्याचा फराळ

"श्वास आत घे," लीना म्हणाली.

आभाने श्वास आत घेतला, डोळे घट्ट मिटले, टाचा उंचावल्या... तरी शाळेच्या स्कर्टचा हूक लागेना. हिवाळ्याच्या सुट्टीनंतरचा शाळेचा पहिला दिवस होता, खाली मुलांना शाळेत नेणारा पुलकारवाला हॉर्न वाजवत होता आणि लीना गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी हूक ओढत होती. शेवटी तो तुटूनच तिच्या हातात आला. तिने तिथे सेफ्टीपिन लावली, मुलीला खाली पाठवलं आणि दार लावून ती वळली.

"बाबा, खरं सांगा. ही दुपारी काय खाते?"

दिगंबरराव खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ते म्हणाले, "खाते... मुलं खातात तेवढंच."

हे खरं नव्हतं, आणि खरं नाही हे त्यांना ठाऊक होतं.

दिगंबररावांची पत्नी कालिंदी श्रावणात गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, पाचव्या दिवशी परत आणलं ते तसंच. बेचाळीस वर्षांचा संसार होता. त्यातली पस्तीस वर्षं कलकत्त्यात, आधी गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आणि निवृत्तीनंतर बेहालाच्या या फ्लॅटमध्ये गेली होती. आता घरात मुलगा सुयश, सून लीना आणि साडेनऊ वर्षांची आभा. सुयश जहाजांच्या कारखान्यात इंजिनिअर, लीना एस्प्लनेडला बँकेत. सकाळी साडेआठनंतर घरात दिगंबरराव एकटे. दुपारी अडीचला आभा शाळेतून येई, तेव्हा दोघं.

घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी सणाला कढई चढत नाही. फराळ बाहेरून येतो. पुण्या-मुंबईला चार नातेवाईक चार डबे आणून देतात, संपलं. पण कलकत्त्यातली मराठी घरं मोजकी, सगळी एकमेकांना धरून, आणि कालिंदीने त्यातल्या प्रत्येक घरी कुणाच्या ना कुणाच्या बाळंतपणात, आजारपणात डबे पोचवलेले. त्या सगळ्यांना आता तिच्या घरी काहीतरी पोचवायचं होतं. दिवाळीत एकोणीस घरांतून डबे आले. बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, करंज्या, शंकरपाळे, अनारसे...

तेराव्यानंतर लगेचच लाडवांचे डबे येऊ लागले होते, आणि दिवाळीआधी दुर्गापूजा झाली होती. विजयादशमीनंतर बंगाली शेजारी भेटायला येतात आणि रिकाम्या हाताने कधीच येत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या शेफालीदींनी नारळाच्या लाडवांची बरणीच आणून ठेवली आणि रडत म्हणाल्या, "दीदीच्या नावाने खा." कुणी रसगुल्ल्यांचं मडकं दिलं, कुणी संदेश या छेन्याच्या मिठाईचा खोका. थंडी पडली तसे खजुराच्या नव्या गुळाचे संदेश येऊ लागले. नको कसं म्हणायचं? तिच्या नावाने आलेलं टाकायचं कसं? खोके फ्रिजमध्ये मावेनात तेव्हा फ्रिजवर ठेवले. इतकं गोड त्या घरात कालिंदी असताना कधीच आलं नव्हतं.

रोज अडीचला आभा दप्तर फेकायची, हात धुवायची, दोन बशा काढायची. एका बशीत तीन तुकडे, दुसऱ्या बशीत तीन. एक बशी आजोबांपुढे.

"आजोबा, तू खाल्लंस तरच मी खाणार."

दिगंबररावांना गोड आवडत नसे. त्यांचा चहासुद्धा बिनसाखरेचा. पण आजी गेल्यापासून पोरगी अबोल झाली होती, आणि तिची एवढीच एक हौस उरली आहे असं त्यांना वाटे. मग ते खात. तिच्याकडे बघत, घशाखाली लोटत, तिन्ही तुकडे खात... तिला बरं वाटावं म्हणून!

शंकरी नावाची बाई सकाळी स्वयंपाक करून ताट झाकून जायची. ते ताट मात्र दिगंबररावांच्याने उघडवत नसे. समोरची खुर्ची रिकामी असायची. रोज एक वाजता ते ताट उचलून खाली वॉचमनला देऊन येत, आणि संध्याकाळी लीनाने विचारलं की "जेवलो" म्हणत.

त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जाणं झालं. डॉक्टरीणबाई वयस्कर, शांत होत्या. त्यांनी आभाचं वजन केलं, जुनी फाइल पाहिली. पाच महिन्यांत साडेसहा किलो वाढलं होतं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या, "आणि तिला उपाशीही ठेवू नका. वाढतं वय आहे. पण एक लक्षात ठेवा, सणात चढलेलं वजन सण संपला म्हणून उतरत नाही. तसंच राहतं, पुढच्या सणात त्यावर आणखी चढतं. आपल्याकडे तर सण संपतच नाहीत! खोके घरात असले तर मूल खाणारच. तिच्यासाठी वेगळं काही करू नका, सगळ्या घराने बदला. दुपारी घरी कोण असतं?"

"मी," दिगंबरराव म्हणाले. "मीच देतो तिला."

आभाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आजोबांनी तिचा हात दाबला. पोरीला बोलणी बसू नयेत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्या संध्याकाळी लीनाने फ्रिजवरचे सगळे खोके शंकरीला दिले. संक्रांतीला तिळगुळाचे डबे आले तेही दारातूनच पुढे गेले. आणि दिगंबररावांना ती म्हणाली, "बाबा, एक विनंती आहे. तिच्यासमोर तुम्ही काही खाऊ नका. तुम्ही खाल्लंत की ती मागणार."

"बरं," ते म्हणाले.

आता अडीचच्या बशाही बंद झाल्या. आभा यायची, आजोबांपुढे बसायची, विचारायची, "तू काय खाल्लंस?" ते म्हणायचे, "खाल्लं गं." ती ओट्यावर डोकावून यायची आणि मान खाली घालून गृहपाठ काढायची. तिला गोडाची आठवण येत असेल, असं त्यांना वाटायचं.

सरस्वती पूजेच्या दिवशी आभा पिवळी ओढणी घेऊन शाळेत गेली. संध्याकाळी डबा घासायला काढताना लीनाला दप्तराच्या तळाशी कागदात गुंडाळलेले दोन संदेश सापडले. चुरगळलेले, कागदाला चिकटलेले.

"आभा! हे काय आहे?"

आभाने मान खाली घातली.

"लपवून खातेस? मी रात्रंदिवस तुझी काळजी करते आणि तू..."

"लीना," दिगंबरराव मध्येच म्हणाले, "तिला बोलू नकोस. मी सांगितलं होतं तिला. शाळेत प्रसाद मिळाला तर माझ्यासाठी आण म्हणून."

लीनाचे डोळे भरून आले.

"बाबा, गाडीतली मुलं तिला लड्डू म्हणतात, माहितीये? काल ती मला म्हणाली, आई, मी उद्यापासून पुढच्या सीटवर बसते, मागे जागा पुरत नाही म्हणतात सगळे... साडेनऊ वर्षांची पोर! आई असत्या तर त्यांनी हे होऊ दिलं असतं का? तुम्हाला माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढा. पण तिचं का असं करता?"

"लीना, पुरे," सुयश म्हणाला. पण तो वडलांकडेही बघेना.

दिगंबररावांजवळ उत्तर होतं, पण ते दिलं की दोष पोरीवर जात होता. ते आपल्या खोलीत गेले. कालिंदी असती तर तिने हे होऊ दिलं नसतं, हे तर खरंच होतं. तेच शब्द त्यांच्या काळजात रुतून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपूरला धाकट्या भावाला, माधवला फोन केला.

"ये की दादा! विचारतोस काय?" माधव म्हणाला. "किती दिवस राहणार?"

"बघू. घरातच पडून राहीन. त्रास नाही देणार."

"तू आणि त्रास? अरे, वहिनी आल्या की घर हलवून सोडायच्या. तू आलेलाही कळत नसे." तो हसला.

दिगंबररावांनी निवृत्तांचा रेल्वे पास काढला, सोमवारचं आरक्षण केलं. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ते पलंगावर बॅग उघडून कपडे ठेवू लागले. सुयश दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, एवढं काय झालं? लीना रागात बोलली."

"मी रागाने नाही जात रे. पोरीच्या भल्यासाठी मी इथे नसलेलं बरं. माझ्याच्याने तिला नाही म्हणवत नाही."

लीनाही आली. तिला रडू येत होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं. "बाबा, लोक काय म्हणतील, सुनेने..."

"लोकांना मी सांगेन, भावाकडे गेलो."

तेवढ्यात आभा आली. तिच्या दोन्ही हातांत ताट होतं. ताटात वरणभात, कोबीची भाजी, अर्धी पोळी. थंड झालेलं.

"आजोबा, तू आत्ता जेवताना भात कागदात काढून ठेवलास. मी पाहिलं. हा माझ्यातला आहे. मी ठेवला होता."

"आभा, बाळा, माझं पोट भरलं."

"नाही भरलं!" ती एकदम ओरडली. "तू खोटं बोलतोस! तू रोज ताट वॉचमनकाकांना देतोस, ते मला बोलले. तू काहीच खात नाहीस. आता नागपूरला तुझ्याबरोबर कोण खाणार? तिथे तू मरून जाशील!"

"काय बोलतेस हे!" सुयश पुढे आला.

"बाबा, तूच बोललास! आजी गेली तेव्हा फोनवर. तू बोललास, बाबांनी आठ दिवस अन्नाला हात लावला नाही, असंच चाललं तर तेही जातील. मी ऐकलं. मग मी लाडू दिला तर आजोबांनी खाल्ला. मी खाल्ला म्हणून खाल्ला. मग मी रोज खाल्लं..." तिला हुंदका आवरेना. "शाळेतले संदेश मी नाही खाल्ले. त्याच्यासाठी आणले होते. त्याने मला काही सांगितलं नव्हतं. तो सगळ्यांशी खोटं बोलतो!"

लीनाने तिच्या हातातलं ताट घेतलं, टेबलावर ठेवलं आणि ती तिथेच खाली जमिनीवर बसली.

दिगंबरराव बॅगेशेजारी पलंगावर बसले. पाच महिने! पाच महिने हे लेकरू समोर बसून, त्यांच्या तोंडाकडे बघत, घास घास मोजत खात होतं, त्यांना जगवायला... आणि ते समजत होते की आपण तिच्यासाठी खातो आहोत!

"आभा," ते कसेबसे म्हणाले, "तुला ते गोड आवडत होतं ना गं?"

"एक आवडतं," ती नाक पुसत म्हणाली. "तीन नाही आवडत."

"मला एकही आवडत नाही."

"मग खायचास कशाला?"

"तुला सोबत म्हणून."

सुयशला हसू फुटलं आणि त्याच क्षणी त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. लीना उठली. सासऱ्यांजवळ येऊन तिने त्यांचे पाय धरले.

"बाबा, मला एकदा खरं का नाही सांगितलंत? मी नको नको ते बोलले."

"मलाच कुठे ठाऊक होतं खरं? ऊठ. तू बोललीस ते कालिंदीनेच बोलायला हवं होतं मला. ती असती तर ताटावरून उठू दिलं नसतं तिने." एवढं बोलून दिगंबरराव रडले. कालिंदी गेल्यापासून चारचौघांत पहिल्यांदाच रडले. आभाने त्यांचं डोकं छातीशी धरलं, मोठ्या माणसासारखं.

मग लीनाने वरणभात गरम करून आणला आणि तो त्यांनी सगळा खाल्ला.

पास परत गेला. माधवला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "मी गादीला नवी खोळ घातली, तिचं काय करू?"

पुढे जे झालं ते साधंच आहे. दिगंबरराव एक वाजता जेवेनात, तेव्हा ठरलं की त्यांनी अडीचपर्यंत थांबायचं आणि आभाबरोबर जेवायचं. भाजी, पोळी, वरण, ताक. संध्याकाळी दोघांनी वीस मिनिटं चालून यायचं. गोड रविवारी, सगळ्यांनी, एक. शेफालीदी खोका घेऊन आल्या तेव्हा लीनाने त्यांना बसवून सगळं सांगितलं. त्या आधी रागावल्या, मग रडल्या, आणि पुढच्या वेळी पेरू घेऊन आल्या. आभाचं वजन झपाट्याने उतरलं वगैरे नाही. चैत्रापर्यंत एक किलो कमी झालं आणि उंची थोडी वाढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू द्या.

पण दिगंबररावांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. आभा जेवताना अजून त्यांच्या ताटाकडे बघायची. त्यांचा भात संपला की मगच तिचा हात सैल पडायचा. शाळेतून ती धावत यायची ती भुकेने नव्हे. हे ओझं त्या पोरीच्या खांद्यावरून कोण उतरवणार? सून नाही, मुलगा नाही. ते त्यांनाच करायचं होतं, आणि त्यांना ते जमत नव्हतं. आभा नसली की घास फिरायचा.

एप्रिलात, बंगाली नववर्षाच्या आधी, खाली सोसायटीत मुलांच्या नाचाची तालीम सुरू झाली. आभा नाव द्यायला तयार नव्हती. लीनाने चार दिवस मनधरणी केली तेव्हा दिलं. पहिल्याच दिवशी ती अडीचला आली, दप्तर ठेवलं आणि दारातच घुटमळली.

"आजोबा, आज तालीम लवकर आहे. सगळ्या मुली ईशाकडे जेवणार आहेत. तिच्या आईने खिचुडी केलीये."

"मग जा की."

"तू?"

"मी जेवतो."

"खरं?"

"तू काय, पोलीस आहेस? जा, नाहीतर पहिली ओळ दुसऱ्या कुणाला मिळेल."

तिने दारातूनच ओट्याकडे एकदा पाहिलं. खालून कुणीतरी हाक मारली, "आभा, नीचे आ ना!" तशी ती वळली, आणि जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत गेली. परत वर बघायला थांबली नाही.

दिगंबररावांनी दार लावलं. ओट्यावरचं झाकण काढून त्यांनी एकच ताट वाढून घेतलं. भात, वरण, वांग्याची भाजी, लिंबाची फोड. खुर्ची ओढून ते बसले. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी बघून घेतलं. मग भात कालवला. पहिला घास तोंडात फार वेळ राहिला... पण त्यांनी तो गिळला, आणि दुसरा घेतला.