लाल रेघेचा हिरवा आकडा

डोळ्यांना लाल दिसणारी रेघ आकड्यात हिरवी निघाली, तर विश्वास कुणावर ठेवायचा? डोळ्यांवर की आकड्यावर?

बार्शीच्या गच्चीवर, दुर्बिणीशेजारी, किमया गाल फुगवून बसली होती. फुगणारच. हंस तारकासमूहात काल नव्हता तो ठिपका आज तिनं पाहिला होता. स्वतःहून, कुणी न दाखवता! हा नवतारा (एकाएकी भडकून उठलेला जुनाच तारा) आहे, असं तिला चंद्रावरच्या मोठ्या दुर्बिणीला कळवायचं होतं. पण त्या दुर्बिणीचा तोरा मोठा. तोंडी सांगण्यावर ती मान वळवत नाही. ताऱ्याचा वर्णपट (प्रकाशातले रंग सुटे करून मांडलेला पट्टा) पाठवा, तोही नीट मोजलेला, मग बघू! आणि पाठवायचा तोही जेवणवेळेच्या आत. त्यानंतर तिचा आजचा कार्यक्रम ठरला की ठरला.

"ठमे, पुन्हा मोज."

ठमी म्हणजे शाळेनं किमयाला वापरायला दिलेला यंत्रमानव. डोकं डब्याएवढं, जीभ हातभर.

"कितीदाही मोजलं तरी पाचशे पंचवीस नॅनोमीटर. ही प्रकाशाच्या लाटेची लांबी, म्हणजे तरंगलांबी. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. पाचशे पंचवीसला रंग हिरवा. पाठवू? हसतील तिकडे."

"पण रेघ लालभडक दिसतेय गं! भडकलेल्या हायड्रोजनची लाल रेघ सहाशे छप्पन्नला हवी."

"मग तू आकडा कसा काढलास, ते सांग. सावकाश. मला मेलीला घाई नाही."

किमयानं पडद्यावर बोट ठेवलं. "दुर्बिणीतून येणारा प्रकाश आधी जाळीतून जातो. जाळी म्हणजे बारीक रेघा ओढलेली काच. ती रंग फाकवते. मग कॅमेऱ्यात हा पट्टा उमटतो. पण पट्ट्यावर आकडे थोडेच लिहिलेले असतात? नुसते पिक्सेल (चित्राचे सर्वांत लहान ठिपके). म्हणून आधी ओळखीचा तारा घेतला, अभिजित. त्याच्या पट्ट्यात हायड्रोजनची एक काळी रेघ असते, चारशे शहाऐंशीची. पट्ट्याशेजारी ताऱ्याचा न फाकलेला ठिपकाही उमटतो, तो म्हणजे शून्य. तिथून ती रेघ किती पिक्सेलवर पडली ते मोजलं, भागाकार केला. एका पिक्सेलला किती नॅनोमीटर, ते निघालं."

"याला अंशांकन (कोऱ्या मापावर खुणा करणं) म्हणतात. अगदी बरोबर केलंस. अभिजितचा फोटो कधीचा?"

"दिवेलागणीचा."

"आणि नवताऱ्याचा?"

"आत्ताचा."

"मधे कुणी यंत्राला हात लावला?"

किमयानं मागं वळून पाहिलं. आज कोजागरी. गच्चीभर शेजारीपाजारी, पातेल्यात आटीव दूध. आणि मघाशी आजीनं फर्मान काढलं होतं, "तुझं ते कॅमेऱ्याचं खटलं काढ आधी. सगळ्यांना चंद्र दाखव." किमयानं कॅमेरा काढला, जाळी काढली, रांगेनं सगळ्यांना चंद्र दाखवला, मग एका हातात दुधाचा पेला धरून दुसऱ्या हातानं सगळं परत बसवलं.

सगळं?

"ठमे! जाळी आणि कॅमेरा यांच्यामधलं कडं!"

"नाही बसवलंस. जाळी कॅमेऱ्याजवळ सरकली. रंग फाकायला जागा कमी, म्हणून पट्टा आखूड झाला. आणि तू आखूड पट्ट्याला लांब पट्ट्याचं माप लावलंस."

कडं सापडलं ते आजीच्या ताम्हणात. त्यात निरांजन छान तोलून उभं होतं. पेटलेलं.

"आजी, माझं कडं!"

"हात लावशील तर बघ! निरांजन डुगडुगत होतं, हे कसं नेमकं बसलं. आज आश्विनी आहे, थोरल्या लेकराला ओवाळायचं असतं. म्हणजे तुलाच, टवळे! ओवाळून झाल्याशिवाय ही ज्योत हलणार नाही."

किमया रडकुंडीला आली. ओवाळणार जेवायच्या वेळी, आणि तोवर चंद्रावरची वेळ संपणार. ठमीकडे पाहिलं, तर ती बया खुशाल चंद्राकडे बघतेय. उत्तर माहीत असलं की ठमी असंच करते.

किमया पुटपुटली, "कडं नाही, म्हणजे जुनं माप गेलं. मग... नवं घेते की! जे जोडलंय ते आता जोडलेलंच राहू दे. कुणी हात लावायचा नाही!"

तिनं दुर्बीण वळवली. अभिजित पाण्याच्या टाकीमागं जायच्या बेतात होता. टाच उंचावून, श्वास रोखून तिनं त्याला कसाबसा गाठलाच. काळी रेघ या वेळी शून्याच्या जवळ पडली होती. पुन्हा भागाकार. मग नवताऱ्याच्या त्याच फोटोला हे नवं माप लावलं.

सहाशे छप्पन्न. लाल ती लालच!

"माप आकाशाचं नसतं," ठमी म्हणाली, "जोडणीचं असतं. जोडणी बदलली की ओळखीच्या ताऱ्याला पुन्हा भेटून यायचं. पाठवते."

"ये गं आता!" आजीनं हाक मारली. किमया पाटावर बसली. आजीनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. कड्यातली ज्योत तिच्या तोंडाभोवती फिरू लागली, तेवढ्यात ठमीचा दिवा लुकलुकला.

"चंद्रावरून निरोप आहे. दुर्बीण हंसाकडे वळतेय."

"कुणाच्या सांगण्यावरून?" आजीनं विचारलं, माहीत असून.

"बार्शीच्या किमयाच्या."

"मग वळेल नाहीतर काय करेल!" आजी म्हणाली, आणि तिनं ताम्हण आणखी एकदा फिरवलं.

ज्योतीच्या वर, दुधासारख्या चंद्रावर, कुठेतरी एक मोठी मान हळूहळू वळत होती. किमया तिकडेच बघत राहिली. पुढं कधीतरी तिथं जायचं, हे तिनं मनात ठरवून टाकलं. जाताना कडी दोन न्यायची.