गाळलेली पाच नातवंडं

“ज्याच्यावर संशय घ्यायचा, आधी त्याच्या हातचं पाणी प्यावं.”

तारामतीच्या फौजदार वडिलांचा हा हुकूम निवृत्तीला आता पाठ झाला होता. चौकशीला निघताना ती तो एकदा तरी म्हणायचीच. पोस्टातून रिटायर झालेला निवृत्ती तिच्यासोबत लातूरभर हिंडायचा; डोकं तिचं, पिशवी याची.

आज यासेरच्या हातचं पाणी पिऊन ती त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसली. तिला बोलावून आणणारे त्याचे वडील गफूरभाई दाराशी टोपी चुरगाळत उभे होते.

मामला असा होता. भूकंपात उद्ध्वस्त होऊन दुसरीकडं नव्यानं वसलेल्या एका गावाच्या नातवंडांना मोफत शिकवायचं एका क्लासनं ठरवलं. गावाच्या कुटुंबयादीतल्या आजोबांपर्यंत नातं पोचलं की प्रवेश. नातं शोधणारा प्रोग्राम यासेरनं लिहिला. बारा अर्जांतले पाच गळाले आणि बोंब झाली, की यासेरनं वशिल्यासाठी नावं उडवली. उद्या क्लासवाले पोलिसांत जाणार होते.

“पोरगं पाच वक्ताचं नमाजी हाय, बाई.”

“नमाजी माणसाचाही हात चुकतो, गफूरभाई.”

क्लासचे कारकून महादेवप्पा सुपारी चघळत बसले होते. त्यांचा भाचा सत्यम यादीत आला होता. निवृत्तीनं मनात गुन्हेगार तिथंच पक्का केला.

“सत्यमचे आजोबा असतात कुठं?” तारामतीनं विचारलं.

“नव्या गावात. पारावर पत्ते कुटत बसलेत.”

“गाळलेल्या उज्वलाचे?”

“भूकंपाच्या पहाटेच गेले, जुन्या गावात. बाकी चौघांचंबी तसंच.”

“त्यांची नावं उडालीत?”

महादेवप्पांनी कुटुंबयादीत शोधून दाखवलं. पाचही आजोबा जागेवर होते, नावापुढं जुन्या गावाचा क्रमांक. पत्ते कुटणाऱ्या आजोबांपुढं नव्या गावाचा.

“बेटा, तुझा प्रोग्राम आजोबा शोधतो कसा?”

“एकच सवाल फिरून फिरून, खाला. याचा बाप कोण? मग त्याचा बाप कोण? अर्जातलं नाव न् गाव सुरुवातीला देतो. नाव दर पायरीला बदलतं.”

“आणि गाव?”

“ते शेवटपर्यंत तेच. म्हणजे दुसऱ्या गावचा सारख्या नावाचा माणूस घुसत न्हाई.”

तारामतीनं डोळे मिटले.

“मग उडवली कुणी?” निवृत्ती कुजबुजला.

“कुणीच नाही. नावं जागेवर आहेत. वशिला घर बघतो, निवृत्तीभाऊ; इथं निवड झाली ती जगलेल्या आणि गेलेल्या आजोबांत. उज्वलाच्या अर्जात गाव नवं. बाप तिथं सापडला. मग प्रोग्राम बापाचा बाप शोधायला निघाला, तोही नव्याच गावात. ज्यानं नवं गाव पाहिलंच नाही, तो तिथं सापडेल कसा?”

यासेरचा चेहरा उतरला. तो भूकंपानंतर जन्मलेला. त्याला गाव म्हणजे नवंच ठाऊक.

“बापाच्या नोंदीत आजोबांचं गाव लिहिलंय,” ती हळू म्हणाली. “पुढच्या पायरीला ते दे.”

त्यानं ओळ बदलली. बारा नावं आली.

“दुरुस्त झालं न्हवं?” महादेवप्पा म्हणाले. “मशीन बिघडली म्हणू अन् सोडून देऊ.”

“मशीन नव्हती बिघडली, मामू. ज्यांचे मेले, त्यांच्याच लेकरांना मी हाकललं. पाचही घरी मीच सांगेन.”

“लोक मारतील, बेटा,” गफूरभाई म्हणाले.

तारामतीनं काहीतरी बोलावं, असं निवृत्तीला फार वाटलं. तिनं कोरा कागद यासेरपुढं सरकवला.

यासेरनं पाच आजोबांची नावं कागदावर उतरवून घेतली, चपला पायात सरकवल्या आणि दार अलगद ओढून घेतलं.