उघड्या फाईलमधलं टिपण

चौकशी कार्यालयाच्या वाचनकक्षात ती पहिल्यांदा बोलली ती फाईलशीच.

"हे पान आहे की तव्याचा तळ!"

समोरच्या टेबलावरचा तरुण हसला. खिडकीबाहेर धुकं दाटलं होतं, आत दुधाळ उजेड होता, आणि त्या उजेडात ते हसू जरा जास्तच छान दिसलं.

तिचं मात्र डोकं फिरलं होतं. बाबांच्या कारखान्यातल्या काचेच्या बरण्या या देशात मुद्दाम पडत्या भावाने विकल्या जातात, अशी इथल्या कारखानदारांची तक्रार होती. चौकशीत ती खरी ठरली तर बरण्यांवर जबर कर बसणार आणि बाबांची भट्टी विझणार. तक्रारीला आधार काय, हे वाचायला ती परदेशातून आली, तर निम्मी पानं काळी केलेली!

"गोपनीय आकडे झाकलेत," तो म्हणाला. "पण झाकलंय काय, याचा सारांश तुम्हाला मिळायलाच हवा. नाहीतर बाजू मांडणार कशी? लेखी मागा. सुनावणीही मागा."

तो सुनावणी अधिकाऱ्यांचा सहायक होता. दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं मांडता येतंय ना, हे बघणं त्याचं काम. बोलता बोलता त्याने वही ओढली.

"काय लिहिताय?"

"आपलं बोलणं. एका बाजूशी बोललो की टिपण फाईलला लागतं. दुसऱ्या बाजूलाही वाचता यायला हवं."

"तव्याचा तळसुद्धा?"

"तो तर आधी!"

मग काय, तिला रोज नवी शंका येऊ लागली. मुदत कधीपर्यंत... साक्षीदार किती... खिडकी उघडली तर चालेल का... तो प्रत्येकीचं उत्तर द्यायचा, वर बघायचा, क्षणभर लिहायचं विसरायचा आणि मग घाईघाईने लिहायचा. तक्रारदारांचे म्हातारे वकील कोपऱ्यात टिपणं वाचत बसत. एकदा चष्म्यावरून बघत म्हणाले, "हल्ली ही फाईल फार रंगतदार झालीय हो!" तिचे कान तापले.

आणि एका सोमवारी तो आलाच नाही. त्याच्या खुर्चीत एक करड्या चेहऱ्याच्या बाई होत्या. तिने दिलेल्या सुनावणीच्या अर्जाचं अजून काहीच ठरलं नव्हतं. फोनवर बाबा म्हणाले, "काय गं, त्या भल्या माणसाने ऐनवेळी हात वर केले की काय?"

तिला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने फाईल उघडली. वरच त्याचं अक्षर होतं.

'यांना सुनावणी मिळावी हे माझं मत कागदपत्रांवरून बनलं आहे. परंतु हल्ली दाराशी त्या दिसल्या की मी वाचत असलेली ओळ हरवते. माझ्या मनामुळे त्यांच्या हक्काकडे कोणी संशयाने बघू नये. मला या प्रकरणातून मुक्त करावे.'

तिने ते पुन्हा वाचलं. राग कुठच्या कुठे गेला... वेडा! सगळ्यांदेखत लिहून मोकळा झाला होता.

"तुमचा अर्ज मी नव्याने तपासला," बाई म्हणाल्या. "सारांश आज मिळेल. सुनावणी गुरुवारी. आणि या टिपणावर तुम्हाला काही म्हणायचं असेल तर..."

म्हातारे वकील वाचल्यासारखं करत कान देऊन बसले होते. बसू देत.

"आहे म्हणायचं," ती म्हणाली. "मलाही ते आवडतात. निकाल आमच्या विरुद्ध गेला तरी आवडतील. लिहा."

बाईंनी एक शब्द न गाळता लिहून घेतलं.

गुरुवारी सुनावणीआधी ती वाचनकक्षात डोकावली. फाईल वाचणाऱ्याने नोंदवहीत सही करायची असते. तिच्या उत्तराच्या पानापुढे काल एकाच माणसाने, त्या ओळखीच्या अक्षरात, तीनदा सही केली होती – सकाळी, दुपारी आणि कार्यालय बंद होता होता.

ती तशीच सुनावणीला गेली, आणि बाबांच्या भट्टीची बाजू मांडताना तिचा आवाज एकदाही अडखळला नाही.