न वाजणारा कप्पा

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानातला पसारा म्हणजे काही विचारूच नका. भिंतभर लाकडी कप्पे, आणि कप्प्याकप्प्यात सुट्या भागांसोबत मिस्त्रींच्या हातच्या चिठ्ठ्या. अमुक मशीन असं बिघडलं, तमुक असं ताळ्यावर आलं. अख्खा रस्ता त्यांना मिस्त्रीच म्हणायचा आणि त्यांच्या कुरकुरीला टरकून असायचा. मग त्यांना झटका आला आणि वाचाच बसली. डॉक्टर म्हणाले, "शब्द आत अडकलेत. बोलतं करत राहा, सुटतीलही." पण म्हातारा आपला खिडकीपाशी मांडीवर हात ठेवून बसायचा. हूं नाही की चूं नाही.

सुनेनं कंबर कसली. चिठ्ठ्या संगणकावर चढवायला घेतल्या. प्रोग्राम साधाच होता. एक मथळा करायचा, त्याच्या पोटात नोंदी घालायच्या. पोटात काही असलं तरच मथळ्याच्या कडेला बाण दिसायचा, तो दाबला की पोट उघडायचं. तिनं मथळे केले: सुई, बॉबिन, पट्टा, पायडल. प्रत्येक चिठ्ठी ती सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मग जागेवर लावायची. एखाद्या चुकीवर तरी म्हातारा खेकसेल, एवढीच आशा.

एका सकाळी बघते तर मथळेच बदललेले. टिकटिक, किणकिण, खळखळ, कुरकुर. सगळ्यात खाली, गप्प.

"अहो, माझ्या नोंदींना हात लावलात?"

नवरा मशीन उघडून बसला होता. "मला माझा पाना सापडेना, तुझ्या नोंदी कुठून सापडणार? दाबलं असशील भलतंच काहीतरी."

असेल बुवा, म्हणून तिनं सगळं पुन्हा लावलं. जेवून आली, तर परत तेच. मग मात्र ती हट्टाला पेटली. पुन्हा नीट लावलं आणि हाताची घडी घालून समोर बसून राहिली. खिडकीतून ऊन येत होतं. मशीनच्या तेलाचा वास होता. बॉबिनखालची एक नोंद हळूच सुटली, खाली सरकली, आणि तिथं खळखळ नावाचा मथळा उमटला. त्याच वेळी मागच्या भिंतीतला एक बंद कप्पा बारीकसा वाजला. मग दुसरी नोंद. पुन्हा कप्पा वाजला. घाई नाही, गोंधळ नाही. एखादी सराईत बाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या लावते, तसं.

"अहो, इकडे या."

नवरा हात पुसत आला. वाचलं, आणि फडकं हातातच राहिलं.

"हे आईचे कप्पे," तो म्हणाला. "शेवटी तिचे डोळे गेले होते ना, तेव्हा ती कप्पा हलवून बघायची. जसा वाजेल तसं त्याचं नाव. ती गेल्यावर बाबांनी सगळं मोडलं. म्हणाले, ऐकवत नाही."

सुनेनं सासूला पाहिलेलंसुद्धा नव्हतं. लग्नाआधीच गेलेली.

"आणि हे गप्प काय?"

"हलवलं तरी न वाजणारं. चामडी पट्टे, रबरी कड्या."

तिनं बाण दाबला. पट्टे नव्हते, कड्या नव्हत्या. एकच ओळ होती: मिस्त्री.

तिनं ती पुसली. ओळ परत आली. पुसली. परत आली.

"असं कसं म्हणता?" ती पडद्यावरच डाफरली. "अजून आशा आहे!"

उठली ती तरातरा. भिंतीतला एक कप्पा ओढून काढला आणि सासऱ्यांच्या कानाशी हलवला.

"बाबा, ही टिकटिक."

काही नाही.

दुसरा आणला. "ही किणकिण."

म्हाताऱ्याची नजर वळली.

मग बॉबिनचा कप्पा हलवला. "ही... ही खरखर."

ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताणल्या.

"खळ... खळखळ," म्हातारा म्हणाला. "खरखर... नव्हे. किती वेळा... सांगायचं!"

नवऱ्यानं हातातलं फडकं खालीच टाकलं. हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळेना. "बोलले गं! आणि तेसुद्धा ओरडूनच!"

"फडकं... उचल," मिस्त्री म्हणाले.

डोळे पुसत ती पडद्याशी आली. गप्पमधली ती ओळ आता कुरकुरमध्ये जाऊन बसली होती. तिला खुदकन हसू आलं. "ओळखता हो तुम्ही यांना," ती हळूच म्हणाली.

भिंतीतून काहीच वाजलं नाही.

गप्पच्या कडेला बाण मात्र अजून होता. तिनं दाबला.

आत एकच ओळ होती.

आता मी.