वेंकटरावांच्या व्हॉल्व्हची जोडी

ही गोष्ट खरी आहे. हिच्यात सापडला तो कुशल, माझा आतेभाऊ. "नाव बदलू नकोस, लाज माझीच आहे," असं तोच म्हणाला. म्हणून जशीच्या तशी सांगतोय.

मागच्या डिसेंबरचा शेवटचा रविवार. दुपारी चारची वेळ. चेन्नईत, तांबरमला कुशलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घडलं हे.

भुताखेतांची वेळही नव्हती ती.

कुशल मूळचा सांगलीचा. चेन्नईत गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. नाद एकच... काचेच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या रेडिओतल्या बल्बसारख्या नळ्यांवर चालणारे जुने अ‍ॅम्प्लिफायर. त्यातूनच अण्णा नगरच्या वेंकटरावांशी ओळख झाली. तंजावरकडचे मराठी, जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले. वय ऐंशीच्या पुढे, पण गाणं लागताच कुठला व्हॉल्व्ह दमलाय ते सांगत.

त्यांच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीची एक जोडी होती. ती लावली की गाणारी बाई जणू समोरच्या चटईवर येऊन बसायची.

कुशलने ती आठवड्यासाठी मागून आणली. "माझ्या नव्या जोडीशी ताडून बघतो, अप्पा."

ताडून बघितली. आणि परत देववेना.

नव्या व्हॉल्व्हवरची अक्षरं त्याने बोटाने पुसली... आणि तेच जुने म्हणून नेऊन दिले.

वेंकटरावांनी ते लावले. सवयीप्रमाणे पेन्सिलीने प्रत्येकावर तीनदा हलकेच टकटक केली. मग गाणं ऐकलं.

"हा माझा आवाज नव्हे, तंबी." तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत ते त्याला.

"वय झालं, अप्पा. कान फसवतात."

म्हाताऱ्याने ओशाळून मान हलवली.

कुशल पुन्हा तिकडे फिरकला नाही. नोव्हेंबरात ते गेल्याचं कळलं, तरीही नाही.

तर त्या रविवारी त्याचा मित्र अद्वय आला होता, जुन्या-नव्या जोडीचे आवाज ताडून बघायला. आधी कुशलने पुन्हा विकत घेतलेली एक नवी जोडी लावली. छान वाजली. मग जुनी. आवाज असा भरून आला की अद्वय पुढे सरकून बसला.

आणि गाणं संपल्यावर...

टक. टक. टक.

"व्हॉल्व्ह सैल असेल," अद्वय म्हणाला.

कुशलने नवी जोडी लावली. काही नाही. पुन्हा जुनी...

टक. टक. टक.

त्याने बटण बंद केलं. प्लग उपसला. फडक्यात धरून गरम व्हॉल्व्ह बाहेर काढले. अ‍ॅम्प्लिफायर रिकामा. पंखाही बंद केला.

स्पीकरमधून...

टक. टक. टक.

मग शांतता. कुणीतरी मान कलती करून उत्तराची वाट बघावी, तशी.

अद्वय पांढराफटक पडला.

कुशलच्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, कान तुमचे बरोबर होते. चोर मीच."

पुन्हा आवाज आला नाही.

"काय केलंयस तू?" अद्वयने विचारलं. सांगावं लागलं. ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि तो निघून गेला. कुशल म्हणतो, टकटकीपेक्षा तेच जास्त लागलं.

तोही लगेच निघाला. लोकलने एग्मोर, पुढे मेट्रोने अण्णा नगर. व्हॉल्व्ह रुमालात, मांडीवर.

दार वेंकटरावांच्या मुलीने, रंजनीने उघडलं. कुशलने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अप्पांनी नंतर गाणं लावलंच नाही," ती म्हणाली. "कोणी काही बोललं तरी मला विचारायचे, खरंच तसं म्हणाला का?"

कुशलला वर बघवेना.

"पण आज आधी फोन केलात, ते बरं केलात."

"...फोन?"

"चारच्या सुमाराला. अप्पांच्या नंबरवर. ‘कान तुमचे बरोबर होते’ म्हणालात अन् ठेवलात. तुमचाच आवाज."

कुशलचा फोन दुपारभर आतल्या खोलीत चार्जिंगला होता. नंतर त्याने तपासलं. त्या नंबरवर त्याने शेवटचा फोन केला होता, तो व्हॉल्व्ह मागायला.

"तेवढी तरी माणुसकी ठेवलीत," असं म्हणून रंजनी त्याच्यासाठी पाणी आणायला आत वळली.

‘तो फोन माझा नव्हता,’ असं कुशलने तेव्हाच सांगायला हवं होतं.

कुशल पाणी प्यायला... आणि गप्प राहिला.