सायलोपाशी वाळणाऱ्या चादरी

"आर्डिस, खाली उतर! आधी खाली उतर!"

गाडीचं दार उघडं टाकूनच पोलीस डेप्युटी आयोनी क्राउस धावली. चारा साठवायच्या उंच सायलोच्या शिडीवर चार पायऱ्या चढलेल्या आर्डिसला तिने कमरेला धरून खाली ओढलं. फोन आर्डिसनेच केला होता, पण तिला दम निघाला नव्हता.

"सोड मला! लाईल वर पडलाय. हाका मारतेय, ओ देत नाही!"

ब्लीचसारखा उग्र वास आयोनीच्या नाकात शिरला. शिडीभोवतीच्या बंद बोळातून पिवळसर धूर उतरत होता. याच धुराने तिचा मामा गेला होता. मक्याचा मुरघास भरला की त्याच्या विषारी वायूने तीन आठवडे सायलोत यम बसलेला असतो, हे विस्कॉन्सिनच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मुखवटे लावलेल्या अग्निशमनवाल्यांनी आर्डिसच्या नवऱ्याला, लाईलला, खाली आणलं. तो केव्हाच संपला होता.

त्याचा धाकटा भाऊ मर्ल खिशात हात घालून अंगणात उभा होता. शेत विकण्यावरून दोघा भावांचं वाजलेलं गावभर ठाऊक होतं.

"आतली हवा बाहेर काढायला ब्लोअर लावला होता?" आयोनीने विचारलं.

"लावला की. चांगला अर्धा तास, मीच. मग लाईलला म्हटलं, जा, वरचा थर सारखा कर."

"किती वाजता?"

"नऊला."

"मग एवढा वास कसा?"

"मला काय विचारतेस बाई? त्याचं नशीब!"

कुठेतरी पाणी मुरत होतं. सायलोला खेटून दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. आयोनीने त्यांवरून तळहात फिरवला.

"आर्डिस, या कधी घातल्यास?"

"आठला. सोमवार ना आज, धुण्याचा दिवस. मग चर्चमध्ये पाव द्यायला गेले. दहाला परत आले तर..."

"मर्ल, हवा तू स्वच्छ केलीस ना? चल, हो पुढे. मी मागून येते."

मर्लने पायरीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"नाही चढणार तू," आयोनी म्हणाली. "ब्लोअर लावला की उरलेला मक्याचा भुगा अंगणभर उडतो. म्हणून त्या दिवशी आपल्याकडे कुणी बाई धुणं बाहेर घालत नाही. या चादरींवर एक कण नाही! ब्लोअर लावलाच नाहीस तू. लावला म्हणून लाईलला थाप मारलीस, आणि त्याने सख्ख्या भावावर विश्वास ठेवला. शेत विकायला तो तयार नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा."

"तो ऐकतच नव्हता," मर्ल पुटपुटला.

आर्डिस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आणि मी शिडी चढत होते तेव्हा? तू तर इथेच उभा होतास, मर्ल."

आयोनीने कमरेच्या बेड्या काढून मर्लच्या मनगटांत अडकवल्या.