हिवरवाडीचा धूमकेतू आणि वेळेचा शिक्का

"धूमकेतू आधी केनियाच्या शाळेला दिसला. हिवरवाडीला नंतर," पंच म्हणाला आणि कस्तुरीच्या तोंडचं पाणी पळालं.

पंच म्हणजे जागतिक बालखगोल मंडळाचा यंत्रमानव. निकाल सांगायला तो स्वतः हिवरवाडीच्या शाळेत आला होता. सातवीतल्या कस्तुरी गुजरला शाळेच्या दुर्बिणीतून नवा धूमकेतू दिसला होता, आणि तो सर्वांत आधी पाहणाऱ्या शाळेचंच नाव त्याला मिळणार होतं. सगळं गाव त्या नावाकडे डोळे लावून बसलं होतं.

"पण केनियात अंधार आपल्यानंतर पडतो!" कस्तुरी रडकुंडीला आली. "मग त्यांना आधी कसा दिसेल?"

"भले शाबास! अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस," आबा म्हणाले. आबा म्हणजे तिच्या आईचे वडील, निवृत्त संगणकशास्त्रज्ञ. "पंचराव, हे ठरवलंत कशावरून?"

"झिप फाइलवरून," पंच म्हणाला.

झिप फाइल म्हणजे बऱ्याच फाइली आवळून बांधलेलं एकच गाठोडं. त्यातल्या प्रत्येक फाइलवर वेळेचा शिक्का (ती फाइल शेवटची कधी बदलली याची नोंद) असतो. केनियाच्या फोटोवर रात्रीचे आठ होते, हिवरवाडीच्या फोटोवर रात्रीचे साडेआठ.

"हे बघ कस्तुरी," आबा सरसावून बसले, "झिपची पद्धत फार जुनी. तिचा साधा शिक्का फक्त भिंतीवरचं घड्याळ वाचतो. ती भिंत कुठल्या देशातली, ते लिहीतच नाही! प्रत्येक देशाचा कालपट्टा (एकच स्थानिक वेळ पाळणारा पृथ्वीचा भाग) निराळा. केनियात रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे साडेदहा झालेले असतात."

"म्हणजे आपण दोन तास आधी! आपणच पहिले!" कस्तुरीने टुणकन उडी मारली.

"माफ करा," पंच म्हणाला. "ही अडचण मला ठाऊक आहे. म्हणून गाठोड्यात एक जादा कप्पाही असतो. त्यात जागतिक वेळ (सगळ्या पृथ्वीसाठी धरलेली एकच वेळ) लिहिता येते. भारत तिच्या साडेपाच तास पुढे आहे. मी तो कप्पा पाहिला. केनियाच्या कप्प्यात संध्याकाळचे पाच आहेत. तुमच्या कप्प्यात रात्रीचे साडेआठच आहेत."

आबांनी बोटांवर तास मोजले. हे म्हणजे भलतंच! जागतिक साडेआठ म्हणजे भारतात पहाटेचे दोन. पहाटे दोनला शाळेत कोण मरायला जातंय?

एवढ्यात मुख्याध्यापक गुरव सरांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! हा माझा पराक्रम. दुर्बिणीचा संगणक मीच लावला. कालपट्ट्यांच्या यादीत लंडन समोर दिसलं, तेच दाबलं. मग घड्याळ चुकीचं दिसायला लागलं, तर ते हाताने पुढे सरकवून आपल्या वेळेला आणून ठेवलं!"

"म्हणजे संगणकाला वाटतंय तो लंडनात आहे," आबा म्हणाले. "आणि थंडीत लंडनची वेळ हीच जागतिक वेळ. म्हणून बिचाऱ्याने आपले साडेआठ जसेच्या तसे कप्प्यात टाकले."

"शक्य आहे," पंच म्हणाला, "पण पुरावा?"

कस्तुरीने हिवरवाडीचा फोटो पडद्यावर मोठा केला. ती फोटोकडे टक लावून पाहत राहिली. शाळेमागचा पश्चिमेचा डोंगर, वर धूमकेतूची पुसट शेपटी, आणि डोंगरमाथ्याला जवळजवळ टेकलेला एक टपोरा ठिपका. ती एकदम ओरडली, "आबा, हा शुक्र आहे! शुक्र कधी मध्यरात्रीनंतर मावळतो का?"

"कधीच नाही! तो सूर्याची पाठ सोडत नाही. संध्याकाळी दिसला, तर सूर्यामागून तीन-चार तासांत मावळणारच."

"मग हा फोटो पहाटे दोनचा असूच शकत नाही. पंचकाका, घड्याळ चुकीचं लावता येतं हो. शुक्र कोण चुकीचा लावणार?"

पंचाचे दिवे भराभर लुकलुकले. त्याने डोंगराची उंची घेतली, शुक्राची जागा मोजली आणि गणित मांडलं.

"फोटो भारतातल्या रात्री साडेआठचाच आहे," तो म्हणाला. "हिवरवाडी पहिली!"

शाळेत एकच जल्लोष झाला. गुरव सरांच्या जिवात जीव आला. "माझी नात!" एवढंच आबा जो भेटेल त्याला सांगत सुटले. व्हिडिओ कॉलवर जोडलेल्या केनियाच्या मुलांनीही पडद्यावरून टाळ्या वाजवल्या आणि पुढचा धूमकेतू दोन्ही शाळांनी मिळून शोधायचं ठरलं.

पंचाने नोंद करायला घेतली. "धूमकेतू हिवरवाडी. प्रथम दिसला रात्री साडेआठ वाजता..."

"थांबा!" कस्तुरी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "नुसते साडेआठ नाही चालणार. भारतीय साडेआठ लिहा, आणि शेजारी जागतिक वेळ दुपारचे तीन!"

पंचाने निमूटपणे तसं लिहिलं.